चार खांब आणि वर पत्रा

आमच्या सेक्टरच्या नकाशात सगळं होतं. शाळेचा प्लॉट होता, बाजाराचा होता, पेट्रोल पंपाचा होता आणि कोणत्या देवाचं ते अजून ठरलेलं नसलं तरी देवळाचाही होता. स्मशान नव्हतं. नव्वदच्या आसपास इथे राहायला आलेली बहुतेक जोडपी तिशी-पस्तिशीची होती. घराचं कर्ज फिटेपर्यंत तरी यातलं कोणी मरणार नाही, असा नकाशा काढणाऱ्यांचा अंदाज असावा. माझे वडील या अंदाजात बसले नाहीत. गिरगावातली खोली सोडून आम्ही इथे आलो आणि दुसऱ्याच आषाढात ते गेले.

त्यांना न्यायचं कुठे, यावर सोसायटीतले पुरुष जिन्यात उभं राहून बराच वेळ बोलत होते. कोणी मुंबईला नेऊ म्हणे, कोणी पनवेलला. शेवटी आमच्याकडे मासळी घेऊन येणारी बाई गावात जाऊन विचारून आली. आमच्या इमारतींच्या मागे खाडीच्या अंगाला जुनं गाव आहे. खरं तर गाव पुढे होतं आणि आम्ही मागून येऊन त्याच्या भातशेतांवर उभे राहिलो होतो. गावाचं स्मशान म्हणजे बांधाला लागून एक दगडी चौथरा. गावकीतल्या म्हाताऱ्यांनी फार चर्चा केली नाही. "मानूस हाय ना? आना," असं म्हणाले म्हणे.

मुलींनी जायचं नसतं, पण मी एकुलती एक, म्हणून गेले. अग्नी चुलतभावाने दिला. लाकडं ओली होती आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. गावातल्या चौघांनी एक निळी ताडपत्री चार कोपऱ्यांनी चितेवर उंच धरली आणि धुरात, आचेत, डोळे मिटून ते तसेच उभे राहिले. आमच्या सोसायटीची मंडळी बांधावर छत्र्या घेऊन होती. चिता दोनदा विझली. त्या चौघांतला एकही जण मध्ये जागचा हलला नाही. त्यांच्यापैकी कोणाचं शेत आमच्या बिल्डिंगखाली आहे, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

घरी आल्यावर आईने एवढंच विचारलं, "नीट झालं ना?"

मी हो म्हटलं. खरं काय ते तिला मासळीवालीने नंतर सांगितलं. तीही विधवाच. ती दारात टोपली उतरवून बसली आणि मासळी न विकताच परत गेली.

आई मुंबईत प्राथमिक शाळेत शिकवायची. सगळी सोसायटी तिला बाई म्हणायची. दुःखाचं काय करायचं ते तिला माहीत नव्हतं, पण कामाचं काय करायचं ते माहीत होतं. "काय लागतं गं?" ती एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली. "चार खांब आणि वर पत्रा." त्यानंतर ती त्या चार खांबांच्या मागे लागली. शहर वसवणाऱ्यांच्या ऑफिसात तिला सांगितलं की ती जागा गावाची. गावातल्यांनी सांगितलं की आता ग्रामपंचायत राहिली नाही. मग दोघांनीही सांगितलं की महापालिका येतेय, तिला विचारा. महापालिकेचं ऑफिस होतं, पाटी होती, शिपाईही होता. फक्त विचारायला नगरसेवक नव्हते. ते निवडून यायचे होते.

असं करत पहिली निवडणूक आली.

आमच्या सोसायटीचे चेअरमन तिची वाट बघतच होते. सोसायटीच्या कमिटीवर ते बिनविरोध आले होते, कारण त्या सभेत दुसऱ्या कोणी हात वर केला नव्हता. पण माणसाला आपण बिनविरोध आलो एवढंच लक्षात राहतं. त्यांनी पांढरे कुर्ते शिवून घेतले. हात जोडताना मान किती झुकवायची, याचा ते जिन्यात सराव करत. आणि आरक्षणाची सोडत निघाली, तर आमचा वॉर्ड बायकांचा झाला. शिवलेल्या कुर्त्यांसकट ते दोन दिवस घरात बसून होते.

मग त्यांनी बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये सभा घेतली. आमचा सेक्टर आणि ते गाव मिळून एक वॉर्ड होता. गावाने आपला उमेदवार केव्हाच ठरवला होता. गावकी बसली, देवापुढे नारळ ठेवला आणि एका घरातली सून उभी करायची असं ठरलं. तिथे विषय संपला. आमच्याकडे नारळ नव्हता, म्हणून चर्चा होती.

तळमजल्यावर शिवणाचे क्लास घेणारी बाई म्हणाली, "आपल्या बाईच उभ्या राहू देत की. ऑफिसं त्यांनीच पालथी घातलीयेत."

बायकांमध्ये हो-हो झालं. चेअरमन हसले. "बाईंबद्दल आदर आहेच. आदराचा प्रश्नच नाही," ते म्हणाले. आदराने सुरू होणारं वाक्य कुठे संपतं, ते मला ऑफिसमुळे माहीत होतं. न्हावा शेव्याच्या एका क्लिअरिंग एजंटाकडे मी कामाला होते. तिथे बढती नाकारताना असंच बोलत.

"पण प्रॅक्टिकली बघा," ते पुढे म्हणाले. "संक्रांत तोंडावर आलीय. बायकांचा वॉर्ड, म्हणजे प्रचार कसा? हळदीकुंकवाने. गावातल्या बायका सभेला येणार नाहीत, पण वाणाला येतील. आता त्यात आपल्या बाई…" त्यांनी आईच्या कपाळाकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे.

"ओटी कोण भरणार, असं म्हणायचंय त्यांना," मागून कोणीतरी मदत केली.

"कळलं मला," आई म्हणाली. "मी मराठीच शिकवायचे."

मी काहीतरी बोलायला उठत होते, पण आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. वर्गातल्या पोरांवर ठेवायची तसाच. मग ती चेअरमनना म्हणाली, "तुमच्या घरातून वहिनी उभ्या राहू देत. मी काम करीन त्यांचं. पण निवडून आल्यावर स्मशानात शेड व्हायला पाहिजे."

"शंभर टक्के. पहिलं काम तेच. टेन्शनच घेऊ नका." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "फक्त प्रचारात तो शब्द नको, बाई. हळदीकुंकवात स्मशान बरं दिसत नाही."

वहिनी सभेला नव्हत्या. त्या वर सभेसाठी चहा करत होत्या. ट्रे घेऊन खाली आल्या तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी ट्रे आधी नीट खाली ठेवला आणि मग विचारलं, "काय झालं?"

दुसऱ्या दिवसापासून वहिनी दुपारी आमच्या स्वयंपाकघरात भाषण शिकायला येऊ लागल्या. चाळिशीच्या, रत्नागिरीकडच्या, हळू आवाजाच्या बाई. लग्नानंतर चारचौघांत त्यांनी आरतीशिवाय काही म्हटलं नसावं.

"हात कुठे ठेवू, बाई?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"टेबलावर. टेबल नसेल तर पदरावर. पण मुठीत काही धरू नका."

त्यांचं प्रत्येक वाक्य 'आमचे मिस्टर' असं सुरू व्हायचं. आई एकदा वैतागली. "तुमचे मिस्टर निवडणुकीला उभे नाहीत."

"बाई, तेच उभे आहेत," वहिनी म्हणाल्या आणि स्वतःच इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. शेजारी तीन वर्षं राहून या बाईला विनोद करता येतो, हे मला त्या दिवशी कळलं. हळूहळू त्यांना बोलणं आवडायला लागलं. आवाज चढला. त्या ओट्याशी उभ्या राहून भाषण म्हणायच्या आणि आई पोळ्या लाटता लाटता मध्येच लाटणं आपटून थांबवायची.

निशाणी मिळाली कपबशी. चेअरमनना छत्री हवी होती, पण ती दुसऱ्या अपक्षाने नेली. थोडा वेळ ते खिन्न होते. मग त्यांना कल्पना सुचली की वाण म्हणून कपबश्याच वाटायच्या. आचारसंहिता हा शब्द तेव्हा नुकताच लोकांच्या कानावर पडू लागला होता. चेअरमनांचं मत असं की वाण हा धर्म आहे आणि धर्माला आचारसंहिता लागत नाही. लाल फुलांच्या कपबश्यांची खोकी टेम्पोतून आली आणि सोसायटीच्या पंपरूममध्ये रचली गेली. गावाकडे वळणाऱ्या रस्त्यावरच्या भिंतीवर निळ्या रंगात वहिनींचं नाव आलं. नावाच्या आधी भलंमोठं 'सौ.', खाली नवऱ्याचं नाव आणि शेजारी वाफ येणारी कपबशी. रंगवणाऱ्याला चेअरमन मुद्दाम सांगत होते, "सौ. ठळक कर. निम्मा प्रचार त्यात आहे."

आई आणि वहिनी गावात घरोघर फिरल्या. मी रविवारी बरोबर जायची. बायका वहिनींना पाट द्यायच्या, कुंकू लावायच्या आणि बोलायच्या मात्र आईशी. एका म्हातारीने आईचा हात धरला. "तुमच्या मानसावर माझ्या लेकानं ताडपत्री धरली व्हती. हात भाजला व्हता त्याचा." आईला हे माहीत नव्हतं. ती त्या मुलाचा हात बघायला आत गेली. तो कामावर गेला होता. "आमची बी मानसं अशीच जातान पावसात," म्हातारी वहिनींकडे वळून म्हणाली. "तुमी काय करनार?"

वहिनींनी आईकडे पाहिलं. मग त्या रस्ते आणि दिवे यांविषयी बोलल्या. आईनेच शिकवलेलं होतं ते. परतताना त्या म्हणाल्या, "बाई, मी शेडचं बोलू का? त्यांच्या मनात तेच आहे."

"घरी विचारा," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या आणि ओट्याशी भाषणाला उभ्या राहिल्या. भाषण संपल्यावर म्हणाल्या, "हे नको म्हणतात." तेवढंच.

गावातलं हळदीकुंकू देवळाच्या अंगणात ठेवलं होतं. रिक्षावरचा भोंगा दोन दिवस 'समस्त माता-भगिनींना आग्रहाचं निमंत्रण' असं ओरडत फिरत होता. माता-भगिनी आल्या. अंगण भरलं. आई देवळामागच्या खोलीत होती, कपबश्या आणि तिळगूळ कागदात बांधत. मी दाराशी राहून आतून बाहेर पुड्या देत होते, म्हणून दोन्हीकडचं दिसत होतं.

चूक काय झाली ती पहिल्या पाच मिनिटांत कळली. आमच्या सेक्टरच्या बायकांना लहानपणापासून ठाऊक असतं की हळदीकुंकवाला कोणी यायचं आणि कोणी यायचं नाही. सांगावं लागत नाही. पण गावातल्या बायकांना भोंग्याने बोलावलं होतं, ते मत मागायला. मताला त्या सगळ्याच होत्या. त्या गावात विधवा पुष्कळ. कोणाचा नवरा दारूने गेला, कोणाचा बंदराच्या रस्त्यावर ट्रेलरखाली, कोणाचा नुसताच मिठागरात राबून. त्या आल्या आणि भिंतीशी उभ्या राहिल्या. आमची मासळीवालीही होती. धुतलेलं लुगडं नेसून आली होती.

वहिनी ओळीने कुंकू लावत, ओटीत तांदूळ घालत, कपबशी देत चालल्या होत्या. भिंतीजवळ आल्या तेव्हा थांबल्या. हातात कप होता. त्यांनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. चेअरमन काही वाईट माणूस नव्हते. ते गोड हसले आणि हाताने खूण केली, नंतर, नंतर बघू. वहिनी क्षणभर तशाच राहिल्या आणि पुढच्या सवाष्णीकडे वळल्या.

भिंतीशी उभ्या असलेल्या बायकांनी ते पाहिलं. एकेक करून त्या निघाल्या. मासळीवाली तेवढी वळसा घालून मागच्या दाराने आईकडे आली.

"बाय, तुमी आत काय करता?"

"कप बांधते."

"तुमाला भेटला का?"

"नाही."

"मंग उठा, चला घरा."

आई हसली. "घेतलं काम आहे. पुरं करू दे."

मासळीवाली तिच्याशेजारी बसली, एक पुडी उचलून पाहिली आणि परत ठेवली. "कप नको मना. घरात हायेत कप. पन बोलावून भिंतीला उभं क्येलं आमाला. मत पन रांडावलं का आमचं?"

आईच्या हातातली सुतळी थांबली. मग तिने गाठ मारली. "मला पण विचारायचं होतं हे," ती म्हणाली. "पण इतकं चांगलं सुचलं नाही."

आम्ही पडलो. गावाची सून थोडक्या मतांनी निवडून आली. मतदानाच्या दिवशी सुट्टी होती आणि आमच्या सेक्टरमधले पुष्कळ सुशिक्षित मतदार अलिबागला गेले होते. चेअरमननी पराभवाची कारणं पार्किंगमध्ये सांगितली: पोलिंग एजंट कच्चे होते, शिक्के चुकीचे पडले, विरोधकांनी अफवा उठवली. भिंतीशी उभ्या असलेल्या बायकांचं नाव कोणी काढलं नाही. त्यांच्यामुळेच पडलो असं मीही म्हणणार नाही. त्या गावच्याच होत्या, नारळ ठेवलेला होता. पण आमच्याकडे यायला त्या तयार होत्या, धुतलेली लुगडी नेसून आल्या होत्या, एवढं मी पाहिलं होतं. आईने मत कोणाला दिलं ते तिने मला कधीच सांगितलं नाही.

नव्या नगरसेविकेचं पहिलं काम म्हणजे गावाच्या तोंडाशी स्वागतकमान. तिला दोनच खांब लागले, म्हणून लवकर झाली. आई शेडसाठी तिच्या घरी जाऊन आली. तिचा नवरा बोलला, ती आत चहा करत होती. "तुमच्या सेक्टरनं मतं कुठं दिली आमाला?" असं तो म्हणाला, पण हसून. चहा चांगला होता, आईने सांगितलं.

उरलेल्या कपबश्या पंपरूममध्ये राहिल्या आणि सोसायटीच्या सभांना वापरात आल्या. चेअरमननी सभेला येणं कमी केलं. पांढरा कुर्ता घालून ते संध्याकाळी कंपाउंडमध्ये एकटेच चालत. वॉचमन त्यांना साहेब म्हणायचा. तो तरी म्हणतो याचं त्यांना बरं वाटत असावं. पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी ते बाथरूममध्ये पडले आणि डॉक्टर येईपर्यंत संपले होते.

या वेळी जिन्यात चर्चा झाली नाही. आई चपला घालून थेट गावात गेली. मी गॅलरीतून पाहत होते. पाऊस होताच. माणसं वळणावरच्या भिंतीजवळून गेली. कपबशीचा रंग उडाला होता, पण 'सौ.' ठळक केलेलं असल्यामुळे टिकलं होतं. ताडपत्री नवी होती, पिवळी. तिचा एक कोपरा नगरसेविकेच्या नवऱ्याने धरला, असं नंतर समजलं. कोणाला या सगळ्यात न्याय दिसला असेल तर दिसो. मला शेजारून वहिनींच्या रडण्याचा आवाज ऐकू येत होता, आणि तो आईने चढवलेलाच आवाज होता.

संध्याकाळी वहिनींनी आईला विचारलं, "नीट झालं ना, बाई?"

आई त्यांच्याजवळ बसली. मग म्हणाली, "वेळ लागला. पण झालं."

संक्रांत आली. पार्किंगमध्ये बिल्डिंगचं हळदीकुंकू होतं. खालून बांगड्यांचे, हसण्याचे आवाज येत होते. दारावर थाप पडली आणि वहिनी आत आल्या. हातात लाल फुलांच्या दोन कपबश्या होत्या.

"पंपरूममधून आणल्या," त्या म्हणाल्या. "एक तुमची राहिली होती. एक आता माझी."

आईने चहा टाकला. दोघी स्वयंपाकघरात, जिथे भाषण शिकवलं जायचं तिथेच, बसून चहा प्यायल्या. मी दाराशी होते.

"तेव्हा शेडचं बोलले असते तर, बाई?"

"तर पडलाच असतात," आई म्हणाली. "पण बोलून पडला असतात."

वहिनींनी मान हलवली. खाली कोणीतरी उखाणा घेत होतं.

"उद्या येता का गावात?" आईने विचारलं. "निवडून आलेलीला गाठू. नवरा असेल तिचा, पण तीही असेलच की घरात."

"हात कुठे ठेवू?" वहिनी म्हणाल्या आणि हसता हसता रडू लागल्या. आईने त्यांना रडू दिलं.

त्या दोघी गेल्या, आणि मग जातच राहिल्या. आई मात्र शेड व्हायच्या आतच गेली, मार्गशीर्षात, स्वच्छ उन्हात. ताडपत्री लागली नाही. गावातले चौघे ती घेऊन आले होते, घडी करून बाजूला ठेवून उभे राहिले.

दशक संपता संपता शेड झाली. मांडव, हार, सन्माननीय पाहुणे, सगळे आले. स्मशानाचं उद्घाटन कसं करायचं याचा प्रघात नसल्याने त्यांनी फीत कापली, आणि मग टाळ्या वाजवायच्या की नाही हे कोणालाच कळेना. वहिनी, मासळीवाली आणि मी मागे बांधावर उभ्या होतो. खांब सहा होते. मासळीवालीने बोटाने मोजले.

"चार पुरलं असतं," ती म्हणाली.

वहिनी माझ्याबरोबर घरी आल्या. चहा त्यांनीच केला, त्या दोन कपांत, कारण माझ्याकडे ते ओट्यावरच असायचे. पिऊन झाल्यावर त्यांनी दोन्ही कप विसळले आणि पालथे घातले, आई घालायची तसे, शेजारी शेजारी.